शत्रूला डोळे देणारं काव्य

आजचा विषय असा: प्राचीन महाकाव्यांत एकमेकांशी लढणारे लोक एकमेकांना कसे बघतात? विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. त्यामुळे मी मुख्यतः एकच काव्य घेणार आहे, होमरचं ‘इलियड’. सर्वसाधारणपणे इ.स.पू. ८व्या शतकातलं समजलं जाणारं, २४ सर्गांचं, साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींचं हे काव्य. ग्रीक, म्हणजे त्या काव्याच्या भाषेत अकियन, एका बाजूला आणि ट्रॉयचे लोक दुसऱ्या बाजूला. दहा वर्षं चाललेल्या युद्धातले शेवटाकडचे थोडेसे दिवस.

या काव्याबद्दल एक गोष्ट तुम्ही हमखास वाचली असेल. ती अशी की होमर निःपक्षपाती आहे, त्याला दोन्ही बाजू सारख्याच. हे मत सर्वांत प्रभावीपणे मांडलं ते सिमोन वेल या फ्रेंच तत्त्वज्ञ बाईंनी. ‘इलियड, अर्थात बलाचं काव्य’ हा त्यांचा निबंध. १९४० साली फ्रान्स जर्मनीपुढे पडला आणि त्यानंतर काही महिन्यांतच हा निबंध मार्सेयच्या एका मासिकात छापून आला. वेल जन्माने ज्यू, म्हणून एमिल नोविस या टोपणनावाने. त्यांचं म्हणणं, थोडक्यात, असं: या काव्याचा खरा नायक ‘बल’ आहे, आणि बल ज्याच्यावर पडतं त्याची वस्तू होते, मग तो ग्रीक असो वा ट्रोजन. कवी स्वतः ग्रीक आहे हे वाचताना जेमतेम जाणवतं.

निबंध थोर आहे. पण हे शेवटचं वाक्य मला पटत नाही. का पटत नाही ते आधी सांगतो, आणि मग होमरचं मोठेपण कशात आहे असं मला वाटतं तिकडे येतो. निःपक्षपातीपणात ते नाही.

तिसऱ्या सर्गाची सुरुवात बघा. दोन्ही सैन्यं एकमेकांकडे निघाली आहेत. ट्रोजन येतात ते आरडाओरडा करत, क्रौंच पक्ष्यांच्या थव्यासारखे. आपल्याकडे ज्यांना करकोचे म्हणतात, तेच. आणि अकियन कसे येतात? गप्प. एकमेकांना साथ द्यायची हे मनाशी ठरवून, मुकाट्याने. चौथ्या सर्गात पुन्हा तेच. अकियन सैन्यात फक्त नायकांचे हुकूम ऐकू येतात, बाकी शांतता. आणि ट्रोजन बाजूला, श्रीमंताच्या वाड्यात दूध काढायला उभ्या केलेल्या मेंढ्या ओरडाव्यात तसा कलकलाट. कारण त्या सैन्यात नाना ठिकाणचे लोक, त्यांची बोली एक नाही. शिस्त आमच्याकडे, गोंगाट त्यांच्याकडे. शत्रूबद्दल असं बोलण्याची माणसाची सवय किती जुनी आहे बघा.

आणखी पुढे जा. या काव्यात नावानिशी मरणाऱ्यांत ट्रोजन आणि त्यांचे मित्र बरेच जास्त आहेत. रणांगणावर गुडघे धरून ‘मला जिवंत ठेव’ म्हणणारे जेवढे आहेत तेवढे सगळे ट्रोजन बाजूचे. एकही अकियन अशी याचना करत नाही. आणि याचना करणाऱ्या एकालाही काव्यात आपल्या डोळ्यांसमोर जीवदान मिळत नाही. प्राचीन काळी ज्यांनी होमरवर टीपा लिहिल्या त्या ग्रीक भाष्यकारांना हे सगळं दिसत होतं. कवी नेहमी ग्रीकांचा कैवारी असतो, असं त्यांनी स्वच्छ नोंदवून ठेवलंय. तेव्हा कवी निःपक्षपाती नाही. इथपर्यंत वाद नको.

आता दुसरी बाजू. एवढा पक्षपात करूनही होमर जे *करत नाही* ते बघण्यासारखं आहे. ट्रोजन वेगळ्या जातीचे प्राणी आहेत असं तो कुठेही म्हणत नाही. या काव्यात दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलतात, शिव्या देतात, शपथा घेतात, आणि कुणालाही दुभाषा लागत नाही. देव तेच. ट्रॉयमध्ये अथीनाचं देऊळ आहे. अथीना ही ट्रॉयची वैरीण, तरी राणी हेक्यूबा आणि शहरातल्या बायका तिलाच वस्त्र वाहायला जातात. देवी ते स्वीकारत नाही, ही गोष्ट वेगळी. आणि झ्यूस, देवांचा राजा, सरळ सांगतो की सूर्याखालच्या सगळ्या नगरांत मला ट्रॉय सर्वांत प्रिय आहे.

‘बार्बरॉस’ हा ग्रीक शब्द तुम्हाला माहीत आहे. इंग्रजीतून आपल्याकडे ‘बार्बेरियन’ आला तो त्याच्याचवरून. इलियडमध्ये हा शब्द एकदाच येतो, तोही एका जोडशब्दात, ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या कॅरियन लोकांच्या बोलण्याबद्दल. म्हणजे ‘ज्यांची बोली अडाणी वाटते ते’. खुद्द ट्रोजनांना तो लावलेला नाही. थ्युसिडिडीझ हा इतिहासकार इ.स.पू. ५व्या शतकात याची मीमांसा करतो. होमर परक्यांसाठी ‘बार्बेरियन’ हे सरसकट नाव वापरत नाही, कारण ग्रीकांनाच अजून एक सामाईक नाव मिळालेलं नव्हतं, असं तो म्हणतो. म्हणजे ‘आपण’ पक्के झालो नव्हतो, म्हणून ‘ते’ही पक्के झाले नव्हते. फार मोलाचं निरीक्षण आहे हे.

मी तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इथे प्लेटो आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच्या ‘स्टेट्समन’ या संवादात वर्गीकरण कसं करावं यावर चर्चा चालली आहे. तिथला मुख्य वक्ता म्हणतो, लोक माणसांचे दोन भाग करतात, ग्रीक आणि बार्बेरियन. पण हे म्हणजे सगळ्या संख्यांमधून दहा हजार ही एक संख्या बाजूला काढायची आणि उरलेल्या सगळ्यांची मिळून दुसरी जात करायची, तसं झालं. उरलेल्यांमध्ये साम्य काय? काही नाही. फक्त ‘आपण नव्हे’ एवढंच. आणि थोडं पुढे तो म्हणतो, समजा क्रौंच पक्ष्यांना बुद्धी असती, तर त्यांनी काय केलं असतं? एका बाजूला क्रौंच ठेवले असते आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळे प्राणी, माणसांसकट! होमरने ट्रोजनांना क्रौंच म्हटलं होतं. प्लेटो जणू विचारतो की क्रौंचांच्या बाजूने बघितलं तर गोंगाट करणारे कोण ठरतील? अर्थात याच प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये ग्रीक आणि बार्बेरियन हे निसर्गतःच एकमेकांचे शत्रू, असंही लिहून ठेवलंय. एकाच माणसाच्या डोक्यात दोन्ही मावतं. आपल्याही मावतं.

मूळ मुद्द्यावर येतो. पक्ष घेणं वेगळं, आणि समोरच्याला दुसऱ्या जातीचा प्राणी मानणं वेगळं. होमर पहिलं करतो, दुसरं करत नाही. आणि या दोहोंमधलं अंतर तो कशाने राखतो? शत्रूला तो डोळे देतो. आपण शत्रूला बघतो हे प्रत्येक युद्धकाव्यात असतंच. पण शत्रू आपल्याला बघतोय, आणि त्या नजरेला काही किंमत आहे, हे दाखवायला वेगळी ताकद लागते.

तिसऱ्या सर्गातच ट्रॉयच्या तटावरचा प्रसंग आहे. म्हातारा राजा प्रायम तटावर बसलाय, खाली शत्रूचं सैन्य. तो हेलनला जवळ बोलावतो आणि विचारतो, तो उंच, राजबिंडा कोण? हेलन सांगते, अ‍ॅगमेम्नॉन. आता हा माणूस प्रायमचं शहर बेचिराख करायला आलेला आहे. आणि प्रायम म्हणतो काय? किती भाग्यवान माणूस, केवढं सैन्य याच्या हाताखाली! मग तो ओडिसिअसबद्दल विचारतो, एजॅक्सबद्दल विचारतो. शेजारी बसलेला अँटीनॉर सांगतो, हा ओडिसिअस मागे वाटाघाटीला आला होता तेव्हा माझ्याच घरी उतरला होता. उभा राहिला की मूर्ख वाटायचा, पण बोलायला लागला की त्याच्यापुढे कुणाचं चालत नसे. ग्रीक वीरांची ओळख आपल्याला होते ती शत्रूच्या तोंडून, आणि ती न्याय्य ओळख आहे. या प्रसंगाआधी हेलन काय करत असते, ठाऊक आहे? मागावर बसून ती वस्त्र विणत असते, आणि त्यावर दोन्ही सैन्यांच्या लढाया काढत असते. दोन्ही.

आता सहावा सर्ग. माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन उभा राहतो.

सर्गाच्या सुरुवातीला मेनेलेअसच्या हातात एक ट्रोजन सापडतो, अ‍ॅड्रेस्टस. तो गुडघे धरतो, म्हणतो, माझा बाप श्रीमंत आहे, खंडणी देईल, मला मारू नका. मेनेलेअस विरघळतो. तेवढ्यात त्याचा भाऊ अ‍ॅगमेम्नॉन धावत येतो आणि म्हणतो, यांची कसली कीव करतोस? एकही सुटता कामा नये. आईच्या पोटातला मुलगादेखील. मेनेलेअस त्या माणसाला ढकलून देतो, आणि अ‍ॅगमेम्नॉन त्याला भाल्याने मारतो. यावर कवी एका शब्दात शेरा देतो. त्याचा अर्थ काढायचा तर, भावाने योग्य तेच सांगितलं. भाष्यकारांनी हा शब्द सौम्य करायचे पुष्कळ प्रयत्न केले. पण तो तिथे आहे. कवीने संमती दिली आहे. वेल बाईंचा निःपक्षपाती होमर इथे टिकत नाही.

पण त्याच सर्गात, सुमारे साडेतीनशे ओळींनंतर, आपण ट्रॉयच्या वेशीपाशी येतो. हेक्टर रणांगणावरून थोडा वेळ शहरात आलाय. समोर त्याची बायको अँड्रोमकी, आणि दाईच्या कडेवर त्यांचं तान्हं मूल. अँड्रोमकीचा बाप आणि सात भाऊ अकिलीसने मारलेले. ती सांगते की अकिलीसने माझ्या बापाला मारलं, पण त्याचं चिलखत काढून घेतलं नाही. चिलखतासकट त्याला अग्नी दिला आणि वर माती रचली. शत्रूबद्दल बोलताना तिच्या बोलण्यात एवढी अचूकता आहे. मग हेक्टर मुलाला घ्यायला हात पुढे करतो, आणि शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून पोर घाबरून दाईला बिलगतं. आई-बाप हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून खाली ठेवतो, आणि मग मुलाला घेतो.

मंडळी, अ‍ॅगमेम्नॉनने ज्याचा निकाल लावला तो हाच मुलगा. होमरने निकालाला मान्यता दिली, आणि त्याच सर्गात तो निकाल कुणावर लागणार आहे तेही दाखवलं. तुऱ्याला घाबरणारं पोर. हे त्याला उमगलं नसेल असं मला वाटत नाही. शेवटच्या सर्गात अँड्रोमकी हेक्टरच्या प्रेतापाशी रडताना स्वतः म्हणते की कुणी अकियन या पोराला तटावरून खाली फेकून देईल.

आणि ट्रोजन बिचारे, भोळे, असंही तो रंगवत नाही. त्याच पोराला हातात घेऊन हेक्टर काय प्रार्थना करतो? हा बापापेक्षा शूर होवो, मारलेल्या शत्रूचं रक्ताळलेलं चिलखत घेऊन घरी येवो, आणि आईला आनंद होवो. म्हणजे त्या तान्ह्या हातांसाठी बापाने मागितलेली भेट हीच, दुसऱ्या कुणाचं तरी पोर मारणं. पुढे हेक्यूबा म्हणते, अकिलीसचं काळीज दातांनी फाडून खावंसं वाटतं. आणि अकिलीसही मरत्या हेक्टरला म्हणतो, तुला कच्चा खावा इतका राग आहे मला. द्वेष दोन्हीकडे सारखाच आहे, एकाच भाषेतला.

आता शेवटाकडे. अकिलीसने हेक्टरला मारलंय, त्याचं प्रेत रथाला बांधून रोज फरफटवतोय. एका रात्री म्हातारा प्रायम शत्रूच्या छावणीत जातो, अकिलीसचे गुडघे धरतो, ज्या हातांनी आपली मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो, आणि म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर. दोघे रडतात. प्रायम हेक्टरसाठी, अकिलीस आपल्या बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. मग जेवतात. जेवण झाल्यावर दोघे एकमेकांकडे बघत बसतात. प्रायमला वाटतं, हा केवढा धिप्पाड, देवासारखा! अकिलीसला प्रायमचा चेहरा आणि त्याचं बोलणं ऐकून आश्चर्य वाटतं.

इथे बरीच व्याख्यानं संपतात, आणि श्रोते डोळे पुसत घरी जातात. मला इथे थांबायचं नाही, कारण होमर इथे थांबत नाही. जेवणाच्या आधी अकिलीस दासींना सांगतो की प्रेत धुवा, पण बाजूला नेऊन, प्रायमला दिसणार नाही असं. का? मुलाचं प्रेत बघून म्हाताऱ्याला राग अनावर झाला तर मलाही राग येईल आणि मी त्याला मारीन, ही भीती. म्हणजे त्या तंबूत सद्भाव आहे, पण तो किती पातळ आहे हे खुद्द अकिलीसला माहीत आहे. नंतर तो विचारतो, अंत्यसंस्काराला किती दिवस हवेत? प्रायम म्हणतो, नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी माती, आणि बाराव्या दिवशी लढू, लढायलाच हवं असेल तर.

बाराव्या दिवशी लढू. एवढंच मिळालं. युद्ध थांबलं नाही. पोरगं वाचलं नाही. शत्रूला माणूस म्हणून बघितलं की वैर संपतं, असं जर कुणी या काव्याच्या आधारे सांगत असेल, तर त्याने काव्य पुरतं वाचलेलं नाही.

आणि बघण्याने उलटंही होतं. सुमारे सात शतकांनंतर व्हर्जिलने रोमन लोकांसाठी ‘ईनीड’ लिहिलं. गंमत अशी की रोमनांनी स्वतःला कुणाचे वंशज मानलं? हरलेल्या ट्रोजनांचे. त्या काव्याच्या शेवटी टर्नस जखमी होऊन पडतो आणि ईनिअसला विनवतो की माझ्या म्हाताऱ्या बापाची दया कर, तुलाही असाच बाप होता. प्रायमचीच विनंती, जवळजवळ तशीच. ईनिअस थबकतो. आणि तेवढ्यात त्याची नजर टर्नसच्या खांद्यावरच्या पट्ट्यावर जाते. तो पट्टा त्याच्या तरुण मित्राचा, पॅलसचा, ज्याला टर्नसने मारलं होतं. ईनिअस तलवार खुपसतो आणि काव्य तिथेच संपतं. दया जशी डोळ्यांतून येते तसा सूडही डोळ्यांतूनच येतो.

(एका श्रोत्याचा प्रश्न: मग अशा बघण्याचा उपयोग काय? आणि आपल्या रामायणात तर शत्रू राक्षसच आहेत, तिथे हे कसं लागू होतं?)

प्रश्न रास्त आहे. दुसरा भाग आधी घेतो. होय, रामायणात शत्रू वेगळ्या जातीचा आहे, ट्रोजनांसारखा समान नाही. पण वाल्मीकींचा हनुमान लंकेत हिंडतो तेव्हा पहाटे त्याला काय ऐकू येतं? वेदपठण. रावणाला दरबारात बघून तो त्याचं रूप, तेज, धैर्य यांनी थक्क होतो. अधर्म नसता तर हा केवढा झाला असता, असं त्याच्या मनात येतं. आणि रावण मेल्यावर बिभीषण अंत्यसंस्काराला कचरतो, तेव्हा राम सांगतो की मरणापाशी वैर संपलं, आता हा जसा तुझा तसा माझाही. नावाने राक्षस, पण नजर मिळालेली आहे. म्हणून माझी कसोटी ‘शत्रूला कोणतं नाव दिलं’ ही नाही, ‘तो दिसतो का आणि तो बघतो का’ ही आहे. इस्किलसच्या ‘पर्शियन्स’ या नाटकाचं उदाहरण घ्या. सॅलॅमिसच्या विजयानंतर आठच वर्षांनी, इ.स.पू. ४७२ साली अथेन्समध्ये ते झालं. पराभूत इराण्यांचा शोक त्यात आहे, मोठ्या मनाने लिहिलेला. पण त्यातली इराणी माणसं स्वतःला काय म्हणतात? ‘बार्बेरियन’. रडणं त्यांचं आहे, पण स्वतःकडे बघायचे डोळे ग्रीकांचे. होमरचा प्रायम असा कधीच बोलला नसता.

आता उपयोग काय. तंबूतल्या त्या भेटीतून काय निघालं, ते पुन्हा मोजून बघा. एक प्रेत परत मिळालं. एका बापाला मुलाला अग्नी देता आला. अकरा दिवस कुणी मेलं नाही. हे शांततेपेक्षा फार कमी आहे, मान्य. पण अकिलीसच्या मनात त्याआधी काय होतं? हेक्टरला तो म्हणाला होता की सिंह आणि माणसं यांच्यात करार होत नसतात, लांडगे आणि कोकरं यांच्यात होत नसतात. वेगळ्या जातीच्या प्राण्यांशी करार होऊच शकत नाही. प्रायमशी झाला. लहान होता, अकरा दिवसांचा होता, पण झाला आणि पाळला गेला. शत्रूला दुसऱ्या जातीचा प्राणी ठरवलं की सर्वांत आधी हेच नाहीसं होतं. त्याच्याशी दिलेला शब्द पाळण्याची, त्याचं प्रेत परत करण्याची शक्यताच उरत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की महाकाव्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा करू नये. ज्या लोकांमध्ये ते गायलं गेलं त्यांची बाजू ते घेणारच. आपल्या गोष्टींत आपण आपली बाजू घेतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. विचारायचं ते एवढंच: आपल्या गोष्टीत एखादी जागा अशी आहे का, जिथे तटावर उभा राहून शत्रू आपल्याला बघतोय, आणि तो जे बोलतोय ते आपण पुसून टाकलेलं नाही?

इलियडच्या पहिल्या ओळीत नाव येतं अकिलीसचं, ग्रीकांच्या सर्वश्रेष्ठ वीराचं. शेवटच्या ओळीत हेक्टरचं. ग्रीक मुलं शतकानुशतकं हे काव्य पाठ करत आली, आणि पाठांतर संपताना त्यांच्या तोंडी शत्रूचं नाव असायचं.